राजभाषा मराठी : अधिनियमाकडून व्यवहाराकडे

शिराळा हा सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेचा डोंगराळ तालुका. येथे घरोघरी मराठी बोलली जाते. मग अशा ठिकाणी भाषेच्या विकासाचा प्रश्न कोठून येतो, अशी शंका साहजिक आहे. परंतु केवळ बोलल्याने भाषा समर्थ होत नाही. शिक्षण, शास्त्र, न्याय व राज्यकारभार या क्षेत्रांतही तिला स्थान मिळावे लागते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय व साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभारात अधिकृत स्थान दिले. संचालनालयाने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश व विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. पुढे २०२० च्या अधिनियमाने राज्यातील शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले, तर २०२२ च्या अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून करणे बंधनकारक झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

परदेशातही हे कार्य चालू आहे. मॉरिशसमध्ये शाळांतून व महात्मा गांधी संस्थेतून मराठी शिकविली जाते. अमेरिकेत मराठी मंडळे मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी शाळा चालवितात. राज्य शासनाने २०२३ मध्ये मुंबईत विश्व मराठी संमेलन भरविले. शिराळ्याशेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचे सुपुत्र अण्णा भाऊ साठे यांचे साहित्य रशियन भाषेत गेले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

तथापि, आयर्लंडचा अनुभव विचार करावयास लावणारा आहे. तेथे १९२२ पासून आयरिश ही राष्ट्रभाषा आहे, शाळांतून ती शिकविली जाते आणि २००७ पासून युरोपीय संघानेही तिला अधिकृत भाषा मानले. असे असूनही २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले. शाळेबाहेर रोज ती बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच निघाले. दर्जा व सक्ती यांनी भाषा शिकविता येते. ती घरात व बाजारात नांदविणे हे लोकांच्याच हाती असते.

आपल्याकडे अजून घर मराठी आहे, हे आपले मोठे भांडवल होय. ते टिकविण्याचा आरंभ कार्यालयापासून व्हावा. 'अर्ज निकाली काढण्यात आला आहे' असे उत्तर मिळालेल्या शेतकऱ्यास आपली मागणी मान्य झाली की फेटाळली, हे कळत नाही. 'मागणी मान्य करता येत नाही. कारण सातबारा जोडलेला नाही' हेही मराठीच आहे, आणि त्यात पुढील मार्ग दिसतो. ग्रामसभेचे इतिवृत्त, करपट्टीची नोटीस व फलकावरील सूचना अशा भाषेत लिहिल्या जाव्यात. पंचायत सदस्यांनी त्या सभेत मोठ्याने वाचून घ्याव्यात. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलालाही घरचे पत्र व गावची नोटीस वाचता यावी, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. ज्याच्यासाठी कागद लिहिला, त्याला तो दुसऱ्याच्या मदतीवाचून समजला, की राजभाषा खऱ्या अर्थाने लोकभाषा झाली असे म्हणता येईल.