बुगडी, फिरकी आणि सराफाचं निळं पाणी

"ताई, तुमच्या अंगाला सोनंच मानवत नाही." इंदापूर तालुक्यातल्या एका सराफाने प्रस्तुत लेखिकेला हे काउंटरवर, चार गिऱ्हाइकांदेखत ऐकवलं. तेव्हा तिच्या उजव्या कानाचा वरचा अर्धा भाग लालभडक सुजून डोक्यापासून पुढे आला होता. त्याच कानाच्या पाळीत तिने लग्नापासून बावीस कॅरेटच्या कुड्या घातल्या आहेत आणि पाळीने आजवर हूं की चूं केलेलं नाही. सोनं मानवत नसेल तर ते खाली मानवतं आणि तीन बोटं वर मानवत नाही, असं कसं? पण गिऱ्हाईक बाई असली आणि बावड्याहून एकटीच आली असली, की असली उत्तरं खपतात.

लेखिकेच्या बावड्याच्या सासरी बुगडी, म्हणजे वरच्या कानातला दागिना, नवी नाही. आजेसासूबाईंच्या कानात होती, सासूबाईंच्याही आहे. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधल्या लावणीने ती महाराष्ट्रभर मिरवली, पण खेड्यातल्या बाईला ती सिनेमाने शिकवलेली नाही. जुन्या रीतीत सोनार घरी यायचा, सोन्याची बारीक तार कानातून आरपार काढायचा आणि तिथेच वळवून ठेवायचा. त्यात नकळत एक शहाणपण होतं: टोचायची तार तीच घालायची तार, त्यामुळे बदलण्याची घाई नसायची. आता टोचायची तार वेगळी, बुगडी वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये लग्नाची तारीख.

लेखिकेने बुगडीसाठी वरचा कान टोचून तीनेक महिने झाले आणि नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. भोक बाहेरून कोरडं होतं, ठणकाही नव्हता. तरी बुगडी घालायला गेली तेव्हा तिने त्या सराफाच्या पेढीवर स्पष्ट विचारलं, "भरलंय ना नक्की?" मान वर न करता उत्तर आलं, "भरलंय की." विचारलं होतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवायचं, कारण पुढे सगळे जण 'घाई कशाला केलीस' हेच म्हणाले.

बुगडीची दांडी आतल्या तारेपेक्षा उघड जाड होती. ती जाईना, तेव्हा सराफाने तिच्यावर तिथल्या तिथे कानस मारली. कानशीने दांडी थोडी बारीक झाली आणि बरीच खरखरीत झाली. मग गल्ल्याशेजारच्या बाटलीतलं निळसर पाणी तिच्यावर शिंपडलं, शर्टाच्या बाहीला दांडी पुसली आणि अंगठ्याने रेटली. कट्ट असा आवाज कानाच्या आत झाला. रक्ताचा थेंब आला, तो त्याने कापसाने टिपला आणि मागची फिरकी अगदी कातडीला भिडेपर्यंत आवळली. "ढिली ठेवली की लग्नात पडती." एवढं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या पाटल्यांकडे वळला.

इथे कान कसा बनलाय ते समजून घ्यायला हवं. पाळीत मांस-चरबी आहे, रक्त भरपूर आहे. तिचं भोक दीड-दोन महिन्यांत भरतं. वरच्या भागात कूर्चा आहे आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून जे झिरपतं त्यावर ती जगते. म्हणून तिथलं भोक पूर्ण भरायला सहा महिने, कित्येकदा वर्षही लागतं. शिवाय ते बाहेरून आत भरत जातं. दोन्ही तोंडं कोरडी दिसतात तेव्हा मधली वाट अजून कच्चीच असते. अशा वाटेत खरखरीत, जाड दांडी रेटली की आतली कोवळी कातडी फाटते, आणि घट्ट फिरकीमुळे सूज यायला जागाच उरत नाही.

लग्न पार पडलं. हळदीचे फोटो छान आलेत. सुजलेली बाजू पदराखाली आहे.

गावातल्या डॉक्टरांनी नेहमीची अँटिबायोटिक दिली. त्या औषधाने ठणका हटेना. मग बारामतीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं झालं. त्यांनी आधी बुगडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाळी चिमटीत धरली आणि विचारलं, "इथे दुखतंय?" नाही. बोट वर सरकवलं, नुसता स्पर्श केला, आणि लेखिका खुर्चीतून उठली. "पाळीत कूर्चा नसते," त्या म्हणाल्या. "वरचा कान सुजलाय आणि पाळी शाबूत आहे, म्हणजे कूर्चेच्या आवरणात पू धरतोय." सोनं मानवत नाही, हे निदान तिथेच निकालात निघालं. ते दुखणं दांडीचं होतं, बाहीचं होतं आणि त्या निळ्या पाण्याचं होतं.

निळ्या पाण्यावर संशय घेणं हा बायकी त्रागा नव्हे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात २००० साली दागिन्यांच्या एका छोट्या विक्रीकेंद्रावर कान टोचून घेतलेल्यांत अशीच साथ आली होती. तपासात ११८ जणांची १८६ भोकं पाहिली गेली. सात जणांत स्यूडोमोनास हा जंतू पक्का सापडला, आणखी अठरा जणांत संशय होता. पक्के सातही जण दहा ते एकोणीस वर्षांचे. चौघांना इस्पितळात ठेवावं लागलं, चौघांचा पू शस्त्रक्रिया करून काढला, काहींचे कान कायमचे बेढब झाले. आणि तोच जंतू मिळाला कुठे, तर जंतुनाशकाच्या बाटलीत आणि हात धुण्याच्या बेसिनमध्ये! बहुतेकांना सुरुवातीला दिलेली औषधं या जंतूवर चालणारी नव्हती. हा अहवाल २००४ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. स्यूडोमोनास ओल्या जागी मजेत राहतो आणि अमोक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. गावातल्या डॉक्टरांच्या गोळीने काम का केलं नाही, ते यात आलं.

वेळ गेला असता तर काय झालं असतं, हे इंदापूर-अकलूजकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तालमीतल्या पैलवानांचे मोडलेले कान सगळ्यांनी पाहिलेत. तिथे माराने आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं, इथे पू साचतो. दोन्हीकडे कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते आणि कान आक्रसतो. पैलवान तो कान अभिमानाने मिरवतो, एवढाच फरक.

तर टोचायची तार बदलून बुगडी घालायचीच असेल, तर आधी जाडी बघा. सराफ वजन सांगेल, घडणावळ सांगेल, दांडीची जाडी सांगणार नाही. जुनी तार आणि नवी दांडी शेजारी धरा. नवी जाड दिसली तर ती त्या कानासाठी नाही. दांडी कापसावरून ओढून पाहा. धागा अडकला तर ती कातडीलाही अडकेल. झाळ नेमकी दांडीच्या मुळाशी असते, तिथला खडबडीतपणा नखाला लागतो. कानस मारून घ्यायची असेल तर आधी, आणि नंतर पॉलिश करूनच. कानात घालता घालता मुळीच नाही.

पहिला बदल सहा महिन्यांच्या आत करू नये. लग्न असेल तर दाबाची बुगडी मिळते, कान न टोचता बसते, फोटोत फरक कळत नाही. गणपतीच्या ढोल-ताशा पथकांतली कितीतरी मुलं भिकबाळी तशीच दाबून घालतात. त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

बदलताना हात साबणाने धुवायचे आणि स्वच्छ कागदाने पुसायचे. कान सलाइनने ओला करायचा, मेडिकलमध्ये ०.९ टक्क्याची बाटली स्वस्तात मिळते. उघडलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी जपून ठेवायची नाही. बदलून देणारं माणूस जाणतं असेल तर नवी दांडी जुनीच्या पाठोपाठ आत सरकते, भोक क्षणभरही रिकामं राहत नाही. अडलं तर थांबायचं आणि जुनी तार परत घालायची. रेटायचं नाही, तेल लावून तर नाहीच नाही. फिरकी आणि कातडी यांच्यात थोडी फट हवी.

नंतर हळद, खोबरेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही नको. दांडी फिरवत बसू नये. त्या कुशीवर झोपू नये. नरसिंगपूरला नीरा-भीमेच्या संगमावर डुबकी घ्यायची असेल तर कान भरेपर्यंत थांबावं. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी तो काढताना सावकाश काढावा. बुगडी त्यातच अडकते. पालखीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या पथारीवर मिळणाऱ्या खोट्या बुगड्यांत निकेल असू शकतं. युरोपात टोचलेल्या भोकात घालायच्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही. पथारीवाल्याला हे विचारून उपयोग नाही.

वरचा कान लाल, गरम झाला आणि पाळी ठीक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणू नयेत. दागिना काढायचा की ठेवायचा हेही डॉक्टरांनाच ठरवू द्यावं, कारण घरी उपसला तर भोक वरून मिटून पू आत कोंडू शकतो. पू निघाला तर तो तपासणीला पाठवायला सांगावं. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; पुण्यापर्यंत धावायची गरज उरलेली नाही.

लेखिकेचा कान वाचला. वरच्या कडेला एक खळगा राहिलाय, केस मोकळे सोडले की झाकतो. ती बुगड्या परत करायला त्याच पेढीवर गेली तेव्हा सराफाने काट्यावर टाकल्या आणि उजव्या बुगडीचं वजन कमी भरतंय म्हणून घट कापली. कानस कुणी मारली होती, हे तिने विचारलं. पावती मागितली तर म्हणाला, दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नसते. नियम खराच तसा आहे. पण तिने हॉलमार्क नव्हे, पावती मागितली होती. ती अजून मिळालेली नाही.