कथा पाठवण्याआधी

(कोथरूड, दहाणूकर कॉलनी. मावशीने बरीच वर्षं एका मासिकाकडे येणाऱ्या कथांचं पहिलं वाचन केलं आहे. भाची कथा लिहिते, पण अजून कुठे पाठवलेली नाही.)

भाची : मावशी, कथा झाली लिहून. आता सांग, स्पर्धेला पाठवू की दिवाळी अंकाला?

मावशी : कुठल्या दिवाळी अंकाला?

भाची : कुठल्याही. दहा-बारा ईमेल पत्ते जमवलेत. एकदमच सगळ्यांना पाठवून टाकते.

मावशी : तसं मुळीच करू नकोस. समज, दोन संपादकांनी तीच कथा घेतली आणि दोन्ही अंकांत छापून आली. पुढे त्या दोघांकडे तुझं नाव निघालं की हीच गोष्ट आठवणार. एका वेळी एकच ठिकाण. किती दिवसांत निर्णय कळेल ते नम्रपणे विचार, आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ‘कथा दुसरीकडे पाठवत आहे’ असं कळवून मोकळी हो.

भाची : पण ठिकाण निवडायचं कसं? अंक शेकड्यांनी निघतात.

मावशी : वाचून. आपल्याकडच्या वाचनालयांत दिवाळी अंकांची वर्गणी भरता येते, महिना-दोन महिने अंक बदलून बदलून मिळतात. गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक काढ आणि फक्त कथा वाच. एखाद्या संपादकाला घटनाप्रधान कथा आवडते, एखादा भाषेच्या प्रयोगाला जागा देतो, काही अंक कथा छापतच नाहीत. आम्ही बाजूला ठेवायचो त्यातल्या कितीतरी कथा वाईट नव्हत्या गं, चुकीच्या दारात आलेल्या होत्या. ‘साभार परत’ आलं म्हणजे कथा फसली, असं धरून बसू नकोस.

भाची : दिवाळी तर लांब आहे अजून.

मावशी : तुला लांब वाटते. गणपती येईपर्यंत बहुतेक अंकांचा मजकूर ठरून गेलेला असतो. त्यानंतर जुळणी, चित्रं, मुद्रितं, छपाई. सप्टेंबरात आलेली कथा कितीही चांगली असली तरी बसवायची कुठे? जूनमध्ये पाठव. ‘मनोरंजन’ मासिकाच्या का. र. मित्रांनी 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्षच दिवाळीभोवती फिरतंय. लिहिणाऱ्यानेही आपलं वेळापत्रक त्याला जुळवावं.

भाची : आणि स्पर्धा? तिथे तर ओळखीपाळखीच चालत असतील.

मावशी : नीट घेतलेल्या स्पर्धेत परीक्षकाच्या हाती नाव जातच नाही. तुला 1974 ची गोष्ट सांगते. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. जयंत नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नाव जगभर झालेलं. त्यांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ ही ती कथा. पहिलं बक्षीस मिळालं.

भाची : कमाल आहे! त्यांना काय गरज होती?

मावशी : नाव बाजूला ठेवून कथा उभी राहते का, एवढंच त्यांना पाहायचं असणार. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, आणि 1979 मध्ये ‘मौज’ प्रकाशनाने ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह काढला. स्पर्धेचा मला वाटणारा खरा उपयोग हा. तू कोण, कुणाची, हे तिथे कुणी विचारत नाही.

भाची : मग स्पर्धेलाच पाठवते.

मावशी : पाठव की. पण स्पर्धा तुला क्रमांक सांगते, कारण सांगत नाही. कारण सांगतो तो संपादक. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे करायचे. कथा कुठे सैल पडते, कुठलं पात्र अर्धवट राहिलंय, असं लेखकाला सविस्तर पत्राने कळवायचे. लेखक पुन्हा लिहायचा, ते पुन्हा वाचायचे. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडलं. तसं वाचणारे संपादक आज कमी आहेत, पण आहेत. कुणी दोन ओळी लिहून सुधारणा सुचवली, तर बक्षिसापेक्षा ते मोठं समज आणि पुढची कथा आधी त्यांना दाखव. आण बघू ती कथा.

भाची : ही घे. प्रिंट काढून आणलीय.

मावशी : (वाचत) वेताळ टेकडीवरचा पाऊस… चांगला आहे. दुसरं पानही पाऊसच. तिसऱ्या पानाच्या मध्यावर वडील बँकेतून येतात आणि चपला न काढता थेट स्वयंपाकघरात जातात. कथा इथे सुरू होते. आधीचं सगळं काढ.

भाची : अडीच पानं? तो पाऊस मला फार आवडतो.

मावशी : मलाही आवडला. पण पहिलं वाचन करणाऱ्यासमोर कथांचा गठ्ठा असतो आणि तिसऱ्या पानापर्यंत तो धीर धरेल याचा भरवसा नाही. शब्दमर्यादा तीन हजारांची असेल तर तीन हजारांतच बसव, स्पर्धेत तर जास्तीची कथा वाचायलाच घेत नाहीत. युनिकोडमध्ये टाइप कर, ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. फाइलला कथेचं नाव दे, ‘फायनल 2’ नको. सोबतच्या पत्रात चार ओळी पुरे : कथेचं नाव, शब्दसंख्या, कथा स्वतंत्र आणि अप्रकाशित असल्याचं, तुझा फोन. कथेचा आशय पत्रात समजावू नकोस. आणि स्पर्धेत कथेच्या पानांवर नाव नको असतं, ते वेगळ्या कागदावर.

भाची : एका स्पर्धेला पाचशे रुपये प्रवेशशुल्क आहे. आणि सगळ्या सहभागींच्या कथांचा संग्रह काढणार म्हणतात.

मावशी : परीक्षक कोण, ते जाहीर केलंय?

भाची : नाही.

मावशी : मग पैसे भरू नकोस. सगळ्यांच्या कथा छापणार असतील तर निवड कुणी केली? आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघ.

भाची : ‘कथेचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील.’

मावशी : तिथेच थांब. कथा लिहिलीस तेव्हाच तिचा हक्क तुझा झाला, 1957 च्या कॉपीराइट कायद्याने तो तुझ्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि तुझी सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. अंकाला एकदा छापायची परवानगी दे, खुशाल दे. मानधन किती आणि कधी, तेही संकोच न करता विचार. पण सगळे हक्क मागणाऱ्या कागदावर सही करू नकोस.

भाची : उद्या एखाद्या मोठ्या अंकाने तसाच कागद पाठवला तर?

मावशी : तरी नाही. पुढे तुझा संग्रह निघेल, कुणी नाटक करायचं म्हणेल, तेव्हा परवानगी तुझ्याकडेच मागायला यायला हवी.