पाणी वरून नाही, खालून आलं

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं यथासांग झालं. भांडी घासून पाठ टेकेस्तोवर बारा वाजले. दोनच्या सुमारास विजांनी जाग आली. एवढा कडकडाट आमच्या नागपुरातही क्वचितच ऐकला असेल. मी उठले, खिडक्या लावल्या, जिन्याखाली जिथे गळतं तिथे बादली ठेवली आणि परत झोपले. पावसाची तयारी म्हणजे छत, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. दरवर्षी मे महिन्यात गच्चीच्या भेगा बुजवायच्या, की झालं.

पहाटे न्हाणीतून डबक्‌ डबक्‌ असा आवाज यायला लागला. दिवा लावून पाहिलं तर जाळीतून काळं पाणी वर येत होतं, गटाराच्या वासाचं. पोछ्याने ते अडवत बसले, तेवढ्यात पुढच्या दारातूनही पाणी शिरलं. पंधरा-वीस मिनिटांत ते गुडघ्यावर होतं.

त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला. १८७० साली बांधलेला हा तलाव शहराच्या पश्चिमेला, उंचावर आहे. नाग नदी त्यातून पुढे शहरात उतरते. तलावाचं पाणी नदीत, नदीचं वस्तीत. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा खालच्या सगळ्या वस्त्या पाण्यात गेल्या. पार सीताबर्डीपर्यंत, मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत पाणी पोहोचलं. आपलं घर कुठल्या नाल्याच्या, कुठल्या तलावाच्या खाली आहे, हे घर घेताना आम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही आजच विचारा. जुन्या रहिवाशांना सांगता येतं.

आमच्या हातून काय चुकलं, ते सांगते. पहिली दहा मिनिटं आम्ही टीव्ही आणि गाद्या उचलण्यात घालवली. सासूबाई तेव्हा पलंगावरच होत्या. ऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू. मेन स्विच बंद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि फ्रिजचा प्लग पाण्यात होता. जीव वाचले ते केवळ वीज आधीच गेली म्हणून. तिसरी चूक कुलपाची. बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला रात्री कुलूप असतं, किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला. अंधारात ती हाताला लागेना. लागली, तर दार उघडेना, कारण ते बाहेर उघडतं आणि बाहेर कमरेएवढं पाणी. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी बाहेरून ओढलं तेव्हा कुठे फटीतून निघालो. “काकू, सामान राहू द्या, पाणी वाढूनच राह्यलं!” असं त्यांतला एक पोरगा ओरडत होता, ते अजून कानात आहे. त्याने सासूबाईंना पाठीवर घेतलं. त्या पुरात शहरातली किमान चार माणसं गेली. त्यांत अंथरुणाला खिळलेल्या एक बाई होत्या. ती बातमी वाचल्यावर मला कित्येक दिवस सासूबाईंच्या पलंगाकडे पाहवत नव्हतं.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी माणसं, मग मेन स्विच आणि गॅसचं रेग्युलेटर, मग कागदांची पिशवी. बाकी काही नाही. मेन स्विचपाशी पाणी असेल तर त्यालाही हात लावू नका. न्हाणी-संडासाच्या जाळ्यांवर ठेवायला वाळूची दोन-तीन जाड पोती जूनमध्येच भरून ठेवा. पूर त्याने थांबत नाही, पण गटाराचं पाणी उशिरा येतं, आणि तेवढाच वेळ हातात मिळतो. टॉर्च आणि किल्ली एकाच खिळ्याला.

पाणी दुपारी ओसरलं. आत घोट्याएवढा गाळ. दोन्ही महालक्ष्म्या आडव्या पडलेल्या, लुगडी चिखलात, कोठ्यांतले गहू फुगलेले. मला ते बघवेना, म्हणून मी लगेच झाडू घेतला. तीही चूकच. पंचनामा व्हायचा होता. सरकारने पाणी शिरलेल्या घरांना दहा हजारांची मदत जाहीर केली, पण पंचनाम्याला येणाऱ्याला नुकसान दिसायला तर हवं. आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. मगच गाळ काढा, आणि तो ओला असतानाच. वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो.

आमच्या ह्यांनी त्याच दुपारी गाडीला किल्ली मारली. इंजिनात पाणी गेलेलं, ते कायमचं गेलं. विमा होता, पण इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नव्हतं, म्हणून तो दावा नामंजूर झाला. बुडालेली गाडी चालू न करता ओढूनच न्यावी. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर यांचंही तसंच: इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय बटण दाबू नका. जमिनीखालच्या टाक्यात गटाराचं पाणी गेलेलं असतं. ते पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय वापरात घेऊ नका, आणि पुढे काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. चिखलात अनवाणी जाऊ नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उभं राहिल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरून येते.

कागदांचं मात्र थोडं जमलं. ओली पानं ओढून सुटी करायची नाहीत, फाटतात. गठ्ठा सावलीत, पंख्याखाली ठेवला आणि सुटतील तशी पानांमध्ये कोरे कागद घातले. घराचं खरेदीखत गेलंच होतं, त्याची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळाली. सासऱ्यांचे फोटो एकमेकांना चिकटले होते. ते स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून ठेवले, तेव्हा हळूहळू सुटले. एकात त्यांचा अर्धा चेहरा गेलाय. सासूबाईंनी तोच फ्रेम करून घेतला.

आता विजेचं मीटर छातीच्या उंचीवर आहे, कागद माळ्यावरच्या डब्यात. जाळीच्या दाराची दुसरी किल्ली वरच्या मुलांकडे असते. आणि हवामान खात्याचा ऑरेंज इशारा आला की संध्याकाळीच तो मुलगा खाली येऊन सासूबाईंना विचारतो, “आजी, आज वरती झोपता का?”