एकाच पायाची सूज

धाकटी सून बाळंत झाली. बाळ आडवे होते. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात पोट चिरून बाळ काढावे लागले. पाचव्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. पाहतात तो सुनेचे दोन्ही पाय सुजलेले!

सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, "हिचे पाणी बंद करा."

तेवढ्यात आशाताई आली. पाय पाहून ती म्हणाली, "मावशी, घाबरू नका. गरोदरपणी अंगात पाणी साठते. त्यात सलाईन दिलेले. ते लघवीवाटे जाईल आणि आठ-दहा दिवसांत सूज उतरेल. पाणी तोडू नका. बाळाला पाजायचे तर पाणी हवेच. तिला घरातल्या घरात थोडे चालू द्या."

"अगं, पोटाला टाके आहेत. चालेल कशी?"

"कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचे. खोकताना पोटावर उशी धरायची. दुखेल, पण रोज थोडे कमी दुखेल. आणि एक ध्यानात ठेवा. एकच पाय सुजून दुखू लागला, तर तो चोळू नका. लगेच दवाखाना गाठा."

दोन्ही पायांची सूज उतरली. पण बाराव्या दिवशी डावी पोटरी एकाएकी सुजली. हात लावला तर गरम. पाय टेकवेना. सासूबाईंनी तेलाची वाटी आणली.

सून म्हणाली, "थांबा आत्याबाई! आशाताई काय म्हणाली होती?"

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. मुलाने १०८ क्रमांकाला फोन केला. गाडी आली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. ते म्हणाले, "पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. मग जिवावरच बेतले असते. बरे झाले, वेळेवर आलात."

औषध सुरू झाले. सून बरी होऊन घरी आली.

गुठळी का होते? बाळंतपणात फार रक्त जाऊ नये, म्हणून गरोदरपणापासून रक्त लवकर गोठू लागते. त्यात बाई पडून राहिली, की पायातले रक्त मंद वाहते. म्हणून चालणे हेही औषधच आहे.

सव्वा महिना उलटेपर्यंत जपा. यांतले काहीही दिसले तर थांबू नका :

१. एकच पाय सुजणे, दुखणे.
२. दम लागणे, छातीत दुखणे.
३. टाके लाल होणे, पू येणे, ताप येणे.
४. दुखणे रोज वाढत जाणे.
५. फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके.
६. अंगावरून फार रक्त जाणे.

टाक्यांवर तेल लावू नका. शेकही देऊ नका.

सांगा पाहू :
१. सासूबाईंनी तेलाची वाटी खाली का ठेवली?
२. तुमच्या घरी बाळंतीण असेल, तर हा धडा कोणाकोणाला वाचून दाखवाल?