दहा ग्रंथ, एक साक्षीदार

पीएच.डी.च्या प्रबंधातले ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण मी सर्वांत आधी वाचतो, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज बहुतेक वेळा तिथेच येतो. ‘अमुक यांच्या मते’, ‘तमुक नमूद करतात’ अशी तीस-चाळीस पाने चालतात. नावे पुष्कळ, पृष्ठक्रमांक बिनचूक, संदर्भसूची लांबलचक. पण या मंडळींचे एकमेकांशी नाते काय, कोणी स्वतः कागद पाहिला आणि कोणी दुसऱ्याने पाहिलेला कागद नुसता उतरवून घेतला, याचा पत्ता नसतो. मग शेवटच्या प्रकरणात ‘यावर सर्व अभ्यासकांचे एकमत आहे’ असे वाक्य येते आणि त्याच्या भरवशावर निष्कर्ष उभे राहतात. नव्याने नोंदणी करणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की चिकित्सा ही शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही. पहिले टिपण काढताना ती झाली नाही, तर पुढे होत नाही. आणि तिची सुरुवात पुरावे मोजण्यापासून नव्हे, त्यांचे कूळ तपासण्यापासून होते.

याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. जेम्स ग्रँट डफ यांनी १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि शिवाजी महाराजांचे जन्मसाल १६२७ दिले. त्यांच्यापुढे बखरी होत्या, आणि मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीसारखी बखर तर जन्मानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. पुढे ग्रंथामागून ग्रंथात हेच साल आले. एखाद्याने १९१० साली या विषयाचा आढावा लिहिला असता, तर १६२७ च्या बाजूने त्याला आधारांचा ढीग मिळाला असता. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. तिच्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ढीग एकीकडे, एक नोंद दुसरीकडे. डोकी मोजून निकाल द्यायचा तर शकावली हरली असती. पण ढिगातले बहुतेक ग्रंथ एकमेकांच्या खांद्यावर उभे होते, आणि कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही जंत्री त्यांच्यातल्या कोणाच्याही आधाराने लिहिलेली नव्हती. शिवाय ती नुसती तिथी देऊन थांबत नाही, शुक्रवार सांगते, नक्षत्र सांगते. वार सांगणारा साक्षीदार उलटतपासणीला तयार असतो, कारण गणित करून त्याला खोटे पाडता येते. इथे गणित जुळते. मात्र ते करतानाही डोळे उघडे हवेत. शकात सरसकट ७८ मिळवणाऱ्याच्या हाती १६२९ लागेल. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी साल बदललेले असते, म्हणून ७९ मिळवायचे आणि १६३० म्हणायचे. त्यातही १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख. आजच्या ग्रेगरियन गणनेने तो दिवस १ मार्चचा. पुढे तंजावरात सापडलेले कवींद्र परमानंदांचे शिवभारत १९२७ साली छापून आले, त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात मिळालेल्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. कारी, तंजावर आणि राजस्थान इथे वेगवेगळ्या हातांनी जपलेले कागद एकच सांगतात, तेव्हा त्या तिघांचे वजन एकाच बखरीवर विसंबलेल्या तीस ग्रंथांहून जास्त भरते.

हीच दृष्टी विष्णु सीताराम सुखठणकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वापरली. १९१९ मध्ये सुरू झालेल्या आणि १९६६ मध्ये संपलेल्या या कामासाठी साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखिते पाहिली गेली. बहुसंख्य पोथ्यांत जे आहे ते घ्यावे, हा सोपा मार्ग होता. देवनागरी पोथ्या सर्वांत जास्त. पण त्यांच्यात इकडचे तिकडचे पाठ मिसळलेले, म्हणून त्यांच्या संख्येला सुखठणकरांनी फारशी किंमत दिली नाही. काश्मिरातल्या मूठभर शारदा पोथ्यांना मात्र फार दिली. उत्तरेची परंपरा आणि दक्षिणेची परंपरा एकमेकींचे न घेता एका पाठावर आल्या, तर तो जुना समजावा, हे त्यांचे सूत्र. कोर्सवर्कमधल्या संशोधनपद्धतीच्या ठोकळेबाज पुस्तकापेक्षा त्यांची आदिपर्वाची १९३३ ची प्रस्तावना कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने एकदा वाचावी, असे माझे मत आहे. कठीण आहे, पण सोपे पुस्तक वाचून कोणाची चिकित्सक बुद्धी तयार झाल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळे इतिहासवाल्यांचे, आमचा विषय अर्थशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा, आम्ही आकडेवारीवर काम करतो, असे यावर कोणी म्हणेल. आकड्यांनाही कूळ असते, आणि ते बखरींइतकेच गुंतागुंतीचे असते. महाराष्ट्राची साक्षरता एका लेखात ८२.९१ टक्के दिसते, दुसऱ्यात ८२.३४. प्रबंधात दोन्ही ‘विविध स्रोतांनुसार’ म्हणून शेजारी येऊन बसतात. वास्तविक दोन्ही २०११ च्या एकाच जनगणनेचे आकडे आहेत, पहिला तात्पुरता आणि दुसरा अंतिम. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे नंतरच्या दशकात साक्षरतेवर लिहिलेले कितीतरी लेख घुटमळत त्याच २०११ पाशी येतात. अशा दहा लेखांचे एकमत म्हणजे एकाच माणसाने दहा वेळा मान डोलावणे. ठाणे जिल्ह्याचे तर आणखीच. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. २०११ चा ‘ठाणे’ आणि नंतरच्या पाहणीतला ‘ठाणे’ यांची तुलना करून आदिवासी लोकसंख्येत किंवा कुपोषणात घट झाल्याचे दाखवणे म्हणजे जव्हार-मोखाडा यादीतून काढून टाकून प्रगती मोजणे. नाव तेच राहिले म्हणून वस्तू तीच राहिली असे होत नाही, आणि कोणतेही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही. गृहीतके मांडून शेवटी ‘सर्व गृहीतके सिद्ध झाली’ असे लिहिणाऱ्या प्रबंधांविषयी मला वाटणारा संशय इथूनच येतो.

तेव्हा टिपण कसे काढावे? लेखक काय म्हणतो हे आपल्या शब्दांत लिहावे. त्याचे शब्द घ्यायचेच तर अवतरणचिन्हात आणि पानासह. इथवर सगळे करतात. पुढची ओळ बहुतेक जण गाळतात: हे त्याला कशावरून कळले? तळटीप उघडावी, ती ज्या ग्रंथाकडे बोट दाखवते तो काढावा, त्याची तळटीप पाहावी, आणि मूळ कागद किंवा मूळ मोजणी येईपर्यंत मागे जावे. चार ग्रंथांची वाट एकाच ठिकाणी संपली, तर चारही टिपणांवर तसे लिहून ठेवावे. त्याखाली आणखी एक नोंद असावी: काय सापडले तर हे विधान खोटे ठरेल? ज्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तरच सुचत नाही, ते विधान निष्कर्षाच्या पायाशी घेऊ नये. आपली शंका वेगळ्या शाईत लिहावी. तीन वर्षांनी टिपण हातात घेतल्यावर कोणते वाक्य आपले आणि कोणते दुसऱ्याचे हे आठवत नाही, आणि उसनवारीचे निम्मे आरोप याच विसराळूपणातून जन्मतात, असा माझा अंदाज आहे.

इतके करत बसलो तर प्रबंध कधी होणार, हा आक्षेप खरा आहे. तीन ते सहा वर्षांची मुदत, सारथी, बार्टी किंवा महाज्योतीची अधिछात्रवृत्ती, घरचा तगादा. संशय घेण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. पण प्रत्येक वाक्य खणायचे नसतेच. एखादे विधान मनाने प्रबंधातून काढून पाहावे. निष्कर्ष जागेवर राहिला तर त्यासाठी ग्रंथालयात आठवडा घालवू नये, कोसळला तर महिना घालवावा. अशी विधाने एका प्रबंधात फार नसतात. उलट त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तर तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक नेमका त्यांच्यावरच बोट ठेवतो.

दुसरी पळवाट अलीकडची. समानता-अहवाल दहा टक्क्यांच्या आत आला की काम स्वच्छ झाले असे समजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतली ही मर्यादा शब्दांच्या साम्याची आहे. दुसऱ्याची चूक स्वतःच्या शब्दांत लिहिली तर अहवाल निष्कलंकच येतो. एआयकडून दहा लेखांचा सारांश करून घेणाऱ्यांचीही तीच गत. सारांश ठीकठाक असतो, पण कोणी कोणाचे घेतले ही जी एकच गोष्ट संशोधकाला हवी, ती त्यात बहुधा गळते आणि दहा लेख दहा स्वतंत्र आवाज बनून समोर येतात.

उरला मार्गदर्शकांचा प्रश्न. सरांच्याच पुस्तकातले विधान डळमळीत निघाले तर विद्यार्थ्याने करावे काय? ‘सर, तुमचे चुकले’ हे वाक्य आपल्याकडे चालत नाही, आणि त्याची गरजही नाही. मत घेऊन गेलात तर वाद होतो. कागद घेऊन जावे. ‘सर, या दोन ठिकाणी साल वेगळे आहे, मूळ कुठे पाहता येईल?’ एवढे विचारले की बहुतेक मार्गदर्शक स्वतःच शोधाला लागतात, किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात, पुराभिलेखागारात कोणाला तरी भेटायला पाठवतात. तिथे पेशवे दप्तराचा रुमाल सोडला की आतला कागद बहुधा मोडीत असतो. तो वाचता येत नसेल तर पुन्हा दुसऱ्याने लावलेल्या वाचनावरच विसंबावे लागते. म्हणून मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याने मोडी कोर्सवर्कच्या काळातच शिकून घ्यावी. पुराभिलेख विभागाचे वर्ग त्यासाठी असतातच.