'लोकशाहीर रामजोशी' : चरित्र, लावणी आणि चित्रपट

राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट १९४७ साली प्रदर्शित झाला. त्याच्या दिग्दर्शनाशी बाबूराव पेंटर आणि त्यांचे एकेकाळचे शिष्य व्ही. शांताराम ही दोन्ही नावे निगडित आहेत. कथा, संवाद आणि बरीचशी गीते ग. दि. माडगूळकरांची, तर संगीत वसंत देसाई यांचे होते. मराठीतील तमाशापटांच्या परंपरेचा आरंभ बहुधा याच चित्रपटापासून मानला जातो. शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र त्याचा विचार निराळ्या कारणासाठी करावा लागतो. आज सामान्य वाचकाच्या मनात रामजोशींची जी प्रतिमा आहे, ती लावण्यांच्या संग्रहापेक्षा या चित्रपटाने अधिक घडवली आहे.

रामजोशींचे चरित्र मुळातच विरळ आहे. ते सोलापूरचे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले आणि पेशवाई बुडण्यापूर्वी काही वर्षे निवर्तले. याखेरीज जे सांगितले जाते, ते बहुतांशी आख्यायिकांच्या स्वरूपाचे आहे. तमाशाच्या नादामुळे वडीलबंधूंनी घराबाहेर काढले, पंढरपुरी संस्कृताचे अध्ययन झाले, पुढे फड उभा राहिला, आणि मोरोपंतांच्या प्रभावाने कवी कीर्तनाकडे वळला, असा हा क्रम आहे. यातील प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध करता येईल असे नाही. तेव्हा चित्रपटाने इतिहासाशी स्वातंत्र्य घेतले, हा आक्षेप फारसा टिकत नाही. ते स्वातंत्र्य लोकपरंपरेने आधीच घेतलेले होते.

खरा प्रश्न केंद्र कोठे ठेवले, हा आहे. आख्यायिकांचे केंद्र विद्या हे आहे. पंडिताने तमासगीर व्हावे आणि तमासगिराने पुन्हा कीर्तनकार व्हावे, याचे लोकांना नवल वाटले. चित्रपटाच्या केंद्रस्थानी रामजोशी आणि बया यांचे प्रेम आहे. त्यामुळे संघर्ष बाहेर गेला. तो कलावंत आणि सोवळा समाज यांच्यातील झाला. रामजोशींच्या रचनेत तो ओळीच्या आतच चाललेला असतो. संस्कृतप्रचुर समास, अनुप्रासांची घट्ट वीण आणि त्याच दमात बोलीतला उघडा शृंगार, किंवा एकाच लावणीत अनेक भाषांची गुंफण, यांतून दोन सभा एकाच वेळी संबोधिल्या जातात. हे पडद्यावर दाखवणे कठीण खरेच. प्रेमकथा दाखवणे त्या मानाने सोपे.

गीतांच्या कर्तृत्वाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चित्रपटात रामजोशींच्या मूळ लावणीशेजारी माडगूळकरांची नवी रचना येते आणि सांधा सहजी दिसत नाही. 'संत तुकाराम' (१९३६) मधील शांताराम आठवले यांचे एक पद तुकोबांचेच समजून गाथेत शोधले गेले, हे सर्वश्रुत आहे. तसाच घोटाळा येथेही संभवतो. अध्यापकाने रामजोशींची म्हणून एखादी लावणी वर्गात घेण्यापूर्वी ती शाळिग्रामांच्या संग्रहात आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. शैलीवरून निर्णय करणे धोक्याचे, कारण माडगूळकरांचा शाहिरी कान फार तयार होता.

छापील संग्रहाने लावणीची चाल गमावली होती. चित्रपटाने तिला पुन्हा गळा दिला. परंतु तो गळा जयराम शिलेदारांचा, म्हणजे संगीत रंगभूमीवर घडलेला होता. ढोलकी-तुणतुण्याच्या फडातील उभा, खडा स्वर आणि नाट्यपदाची आलापी यांत अंतर आहे. चित्रपट ऐकून अठराव्या शतकातील लावणीगायनाविषयी अनुमान काढणारा विद्यार्थी येथे हटकून फसेल.

बयेची गोष्ट वेगळी. परंपरेत ती जवळजवळ केवळ नावापुरती आहे. लावणीत स्त्री पुष्कळ बोलते, परंतु तिचे शब्द पुरुषाने रचलेले असतात. फडावर ती ते उच्चारते एवढेच. हंसा वाडकर यांनी या नावाला देह, डोळे आणि अभिमान दिला. तरीही शब्द पुन्हा पुरुषाचेच होते, प्रथम शाहिराचे, मग माडगूळकरांचे. हंसाबाईंचे स्वतःचे कथन 'सांगत्ये ऐका' या नावाने १९७० साली पुस्तकरूपाने आले. शीर्षक त्यांच्याच १९५९ मधील तमाशापटाचे आहे, पण सांगणारी आता भूमिकेत नाही. रामजोशींच्या लावणीतील स्त्रीस्वराचा अभ्यास करणाऱ्याने हे आत्मकथन संग्रहाच्या शेजारी ठेवून वाचावे; अद्याप तसे वाचन फारसे झालेले नाही.