भाडं थकलं, दावा कधी लावायचा?

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूने आठ महिने भाडं दिलेलं नाही. लगेच दावा लावता येईल का?

उत्तर : नाही. 1947 च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात मागणीच्या नोटिशीनंतर महिनाभर थांबलं की पुरत असे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 नुसार आता 90 दिवस थांबावं लागतं. मगच लघुवाद न्यायालयात दावा. तिथेही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी वार्षिक 15 टक्के सरळव्याजाने भरली, पुढचं भाडं आणि दाव्याचा खर्चही दिला, तर या कारणावर ताबा मिळत नाही. मालकांना हे जाचक वाटतं, पण पैसे तरी पदरात पडतात. तेव्हा नोटीस आजच, पोचपावतीसह पाठवा. आणि रागाच्या भरात नळ किंवा वीज तोडू नका. कलम 29 खाली तो गुन्हा आहे.